वजन घटलं आणि लोक 'आजोबा' म्हणायला लागले

ताई नमस्कार,

वय ५२, कोल्हापुरात महाद्वार रोडला कापडाचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. गेल्या श्रावणात शुगर बॉर्डरवर आली, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.३, वजन ९४, उंची पाच फूट सात इंच, डॉक्टरांनी चांगलाच दम दिला. पहिला महिनाभर मी काय केलं नव्हतं, कंटाळा, तरी चार-पाच किलो आपोआप गेले, म्हटलं अंबाबाई पावली. मग मात्र मनावरच घेतलं. पहाटे रंकाळा, सकाळी लिंबूपाणी, दुपारी एक भाकरी आणि पालेभाजी, रात्रीचं जेवण बंद, मटण बंद, मिसळ बंद, दूध बंद. साडेपाच महिन्यांत ७५ वर आलो. वाटलं लोक म्हणतील वा! तर दुकानात येईल ते गिऱ्हाईक विचारतंय, "काय ओ शेठ, लई वाळलायसा, शुगर झाली काय?" काही जण हळूच विचारतात इंजेक्शन घेतलं काय म्हणून. गालफडं बसलीत, गळ्याखाली कातडं लोंबतंय, केस गळायला लागलेत.

हद्द म्हणजे मागच्या महिन्यात थोरलीला बघायला साताऱ्याहून पाव्हणे आले, मी दारात स्वागताला उभा, तर मुलाची आत्या मला वाकून नमस्कार करून म्हणते, "आजोबा, मुलीचे वडील आत आहेत का?" घरात सगळे हसले, मी पण हसलो, पण रात्री आरशासमोर उभं राहिलो तर त्या बाईचं काही चुकलं नव्हतं. धाकटा भाऊ म्हणतो सात-आठ किलो परत चढव. पुतण्या म्हणतो पुण्यात चेहऱ्यात इंजेक्शन भरतात, एका दिवसात गाल वर. व्यसन काही नाही, दिवसाला दोन-तीन मावा तेवढा. सांगा, वजन वाढवू का? का लग्नाच्या फोटोत मी पोरीचा आजोबाच दिसणार?

– एक बाप, शिवाजी पेठ

---

दादा,

आत्याबाईंचं वाचून हसू आवरलं नाही, राग मानू नका. आणि आता खरं सांगते, तुम्ही सध्या वयापेक्षा मोठे दिसताय. फोटो बघितला नाही तुमचा, पण जे लिहिलंय त्यावरून नक्की दिसत असणार. एरवी अशा पत्राला लोक उत्तर देतात की अहो लोक जळतात, लक्ष देऊ नका, तब्येत महत्त्वाची. तब्येत महत्त्वाची आहेच, पण माणूस रात्री आरशासमोर उभा राहतोय आणि त्याला सांगायचं की तुला दिसतंय ते खोटं आहे, हे काही बरोबर नाही. दिसतंय ते खरं आहे, फक्त त्याचा अर्थ तुम्ही नि तुमच्या भावानं वेगळा काढलाय. आणि भावाचा सल्ला तर अजिबात ऐकू नका, ते पुढं सांगते.

पण सगळ्याच्या आधी एक गोष्ट, कारण तुमच्या पत्रात ती अशीच जाता जाता येऊन गेलीय आणि मला तिथंच थांबायला झालं. 'पहिला महिनाभर काही केलं नव्हतं तरी चार-पाच किलो आपोआप गेले.' दादा, ९४ चे पाच टक्के म्हणजे साधारण पावणेपाच किलो. काहीही न करता सहा महिने-वर्षभरात एवढं वजन उतरलं तरी डॉक्टर त्याचं कारण शोधतात, आणि तुमचं एका महिन्यात उतरलंय. शुगर फार वाढली की वजन उतरतं हे खरं, म्हणून गिऱ्हाइकं विचारतात त्यात त्यांचा काय दोष नाही, कोल्हापुरात वाळलेला माणूस दिसला की पहिला प्रश्न तोच. पण ६.३ हा आकडा म्हणजे उंबरठा, ५.७ ते ६.४ ला प्री-डायबेटिस म्हणतात, तेवढ्यानं एवढं वजन जात नाही. मग एकतर शुगर नंतर वाढली असेल, नाहीतर थायरॉइड जास्त काम करत असेल, नाहीतर छातीत काही असेल, टीबी अजून आपल्याकडं आहेच, पोटाचं असेल, कधी कधी नुसता मनाचा ताण आणि पोरीच्या लग्नाची काळजी पण असते, आणि कॅन्सरसुद्धा एक कारण असतं, ते तपासून बाजूला ठेवायचं असतं. घाबरवत नाहीये, बहुतेक वेळा साधंच काहीतरी निघतं किंवा काहीच निघत नाही, काटा वेगळा असतो, पहिल्यांदा बुटासकट मोजलेलं असतं. पण या आठवड्यात जाऊन तुमच्या त्याच डॉक्टरांना हे वाक्य जसंच्या तसं सांगा. एचबीएवनसी परत, थायरॉइडचं टीएसएच, रक्ताचं सीबीसी आणि ईएसआर, किडनीचं क्रिएटिनिन, लिव्हरचं, छातीचा एक्सरे, बाकी ते सांगतील ते. खाजगीत परवडत नसेल तर सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात जा, केसपेपर काढा, रांग असते पण होतं. देव पावला म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही.

आता चेहऱ्याचं.

चेहऱ्यातली चरबी एकसलग पसरलेली नसते, कप्प्याकप्प्यानं असते. कानशिलात एक, डोळ्याखाली एक, गालाच्या हाडावर एक, गालाच्या आत खोलवर एक. तरुणपणी हे कप्पे भरलेले असतात म्हणून गाल वर दिसतो. वय वाढेल तसे ते आपोआपच थोडे आटतात आणि खाली सरकतात, खालचं हाडसुद्धा झिजतं, डोळ्याची खोबण थोडी मोठी होते, जबडा जरा आखडतो. आणि वरची कातडी, तिला घट्ट धरणारं कोलेजन विशी-पंचविशीनंतर वर्षाला सुमारे एक टक्क्यानं कमी होत जातं, बायकांचं तर पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांत एकदम तीसेक टक्के जातं, म्हणून वहिनींनी पन्नाशीत तुमच्यासारखाच धडाका लावायचा ठरवला तर त्यांना आधी हे वाचायला द्या. तुमचं झालं काय, तर ही सगळी वयाची कामं गेली दहा-पंधरा वर्षं आत चालूच होती, वरून चरबी होती म्हणून दिसली नाहीत. उशीतला कापूस निम्मा काढला आणि अभ्रा तोच ठेवला तर अभ्र्याला घड्या पडणारच. पंचविशीतल्या पोरानं १९ किलो कमी केले तर त्याची कातडी बऱ्यापैकी आखडून घेते, चेहरा कोरीव निघतो, लोक म्हणतात हिरो झाला. बावन्नला तेच केलं की नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची रेघ खोल होते, हनुवटीखाली सैल पडतं, डोळे आत जातात. म्हणजे वजन घटल्यानं तुम्ही म्हातारे झाला नाहीत हो, जे ५२ होते ते झाकलेले होते ते उघडे पडले, आणि त्यावर अजून पाच-सात वर्षं जी दिसतायत ती कशानं, तर तुम्ही ज्या पद्धतीनं उतरवलंत त्यानं. ती पाच-सात मात्र परत मिळवता येतात, सगळी नाही पण बरीच.

यावर एक मस्त अभ्यास आहे, २००९ मध्ये छापून आलेला. अमेरिकेत ओहायोमध्ये ट्विन्सबर्ग म्हणून गाव आहे, तिथं दरवर्षी जुळ्यांची जत्रा भरते. क्लीव्हलँडच्या प्लास्टिक सर्जन लोकांनी तिथल्या जुळ्यांच्या १८६ जोड्या घेतल्या, एकाच अंड्यातून झालेल्या, म्हणजे रक्त तेच, जन्म तोच, फोटो काढले आणि कोण किती वयाचं दिसतंय ते लोकांकडून ठरवून घेतलं. तर चाळिशीच्या आतल्या जोड्यांत जो जाडा तो मोठा दिसला, आणि चाळिशीच्या पुढं उलटं, जो जरा भरलेला तो लहान दिसला. म्हणजे तुमच्या साताऱ्याच्या आत्याबाईंची नजर बरोबरच म्हणायची. त्याच अभ्यासात उन्हात जास्त राहिलेला आणि सिगरेट ओढणारा भाऊ मोठा दिसला, आणि घटस्फोट झालेला पण मोठा दिसला, हे शेवटचं घरी मोठ्यानं वाचू नका.

पण हे वाचून लगेच भावाच्या बाजूनं जाऊ नका. तो अभ्यास फोटोतल्या चेहऱ्याचा आहे. जिना कोण चढतोय, कुणाच्या पायाला मुंग्या येतायत, कुणाची शुगर उतरलीय, ते फोटोत दिसत नाही. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३२ च्या वर होता, आता २६ आहे. आपल्याकडच्या लोकांना २३ च्या पुढंच जास्त वजन धरतात, कारण आपली चरबी पोटात बसते. गुडघ्याचं बघा, एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं हलका होतो, म्हणजे तुम्ही १९ किलोंचा हिशोब करा आणि रंकाळ्याच्या एका फेरीत किती पावलं पडतात ते बघा. आणि भाऊ म्हणतो तसं आठ किलो चढवले तर ते गालावर चढणार आहेत असं त्याला कुणी सांगितलं? पन्नाशीतल्या पुरुषाला परत चढलेलं वजन पोटावर बसतं. गाल थोडे भरतील पण पोट आधी भरेल, शुगर परत, आणि गळ्याचं कातडं तसंच. शिवाय चढवलेली असेल ती चरबी, गेलेला स्नायू तसाच परत येत नाही. तोट्यातच सौदा.

हां, स्नायू. इथं तुमची खरी गडबड झालीय.

नुसतं उपाशी राहून वजन उतरवलं की जे जातं त्यातलं साधारण पाव तरी चरबी नसते, स्नायू वगैरे असतं, आणि घाईनं, प्रोटीन न खाता, वजन न उचलता उतरवलं तर अजून जास्त. तुमचा दिवस मी मांडून बघितला, लिंबूपाणी, एक भाकरी, पालेभाजी. यात दिवसाला १५-२० ग्रॅम प्रोटीन झालं तर डोक्यावरून पाणी, आणि तुम्हाला लागणार निदान ८०-९०. मग शरीर काय करणार, दंडातलं काढणार, मांडीतलं काढणार, खांद्यातलं, मानेतलं काढणार. लोक वय नुसतं सुरकुत्यांवरून ठरवत नाहीत, मान कशी उभी आहे, खांदा पडलाय का, दारात माणूस कसा उभा आहे, पाऊल कसं टाकतो, यावरून लांबूनच ठरवतात. आत्याबाईंनी तुम्हाला दारात उभं बघितलं, चेहरा जवळून बघायच्या आधीच 'आजोबा' ठरलं असणार बघा. आपल्या गंगावेशीत नाहीतर मोतीबागेत जाऊन बसा एखाद्या संध्याकाळी, सत्तरीचे म्हातारे पैलवान येऊन बसतात, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं, कान मुडपलेले, पण मान खांद्यात अशी रुतलेली आणि बसणं असं की त्यांना कुणी आजोबा म्हणत नाही, वस्ताद म्हणतात. तो फरक गालातल्या चरबीचा नाही.

तर करायचं काय. आधी उतरवणं थांबवा. डॉक्टरांनी अजून पाच किलो सांगितले असतील तर ते विचारून तीन-चार महिने पुढं ढकला. ७५ वर स्थिर राहा. शरीराला आणि कातडीला सवड द्या, कातडी थोडीफार आखडते, पण तिला महिने लागतात, वर्ष लागतं, आणि आपल्या वयाला पूर्ण आखडत नाही हे धरूनच चला. पुढं उतरवाल तेव्हा आठवड्याला अर्धा किलो, जास्तीत जास्त एक, त्याच्यावर नाही. आणि काट्यापेक्षा टेप वापरा, दुकानात टेपला काय तोटा, बेंबीजवळ कंबर ९० सेंटीमीटरच्या आत आली की मी तुम्हाला पास म्हणेन, वजन ७० असो नाहीतर ७३.

खाण्यात रात्रीचं जेवण परत सुरू करा, लवकर जेवा हवं तर. मटण कायमचं बंद करायची काही गरज नव्हती हो, कोल्हापूरचा माणूस मटण सोडतो म्हणजे तो जगायचंच सोडतो. तांबडा-पांढरा वाटीभर घ्या, भुरका मारा, पण लक्षात ठेवा की रश्शात प्रोटीन नाही, ते फोडीत आहे, पांढऱ्यात नारळाचं दूध आहे आणि तांबड्यात तेल. शंभर ग्रॅम शिजलेल्या मटणात किंवा चिकनमध्ये पंचवीसेक ग्रॅम मिळतं. अंडं एक, ६ ग्रॅम. पनीर शंभर ग्रॅम, अठरा. दूध मोठा ग्लास, आठ. घट्ट वरण वाटीभर, सहा-सात. शेंगदाणे मूठभर, सात. सोयाबीनच्या वड्या कोरड्या ५० ग्रॅम, पंचवीस, स्वस्तात सगळ्यात भारी पण गॅस होतो काहींना. मिसळीतली मटकी चांगलीच आहे, वाईट आहे तो वरचा कट आणि मूठभर शेव-फरसाण आणि त्याच्याबरोबरचे चार पाव, तेव्हा घरी मटकीची उसळ करा, कट पळीभर, पाव एक. सकाळी दोन अंडी आणि दूध, दुपारी भाकरी-भाजी पण बरोबर वाटीभर उसळ आणि दही, रात्री कधी चिकन कधी पनीर कधी डाळ, असं केलंत तर साठीच्या आसपास सहज जाल, ऐंशी गाठायला वर शेंगदाणे नाहीतर सोयाबीनच्या वड्या घाला. लिंबूपाण्याला माझा काही विरोध नाही, त्यानं काही होत पण नाही.

आणि रंकाळा चालू ठेवा, पण नुसत्या चालण्यानं दंड भरत नाहीत. आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचं करा. जिमला लाज वाटत असेल तर घरी, खुर्चीवर हात न टेकता बसा-उठा दहा वेळा, थोडं थांबा, परत दहा, भिंतीला हात टेकून जोर, मग हळूहळू टेबलाला, मग जमिनीवर. दोन्ही हातात पाण्याचे कॅन घेऊन गच्चीवर फेऱ्या. दुकानात तागे उचलायला पोरगा ठेवलाय त्याला जरा बसू दे. लहानपणी तालमीत गेला असाल तर बैठका अंगात असतील, पण पहिल्याच दिवशी पन्नास मारून गुडघा धरून बसू नका, हे मी मुद्दाम लिहितेय कारण शिवाजी पेठेचा माणूस नेमकं हेच करतो. तीन-चार महिन्यांत खांदे बदललेले दिसतील, आरशाच्या आधी बायकोला दिसतील.

केस गळतायत ते यातलंच आहे. अंगाला असा झटका बसला की दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात, खाणं सुधारलं की बहुतेकांचे सहा-आठ महिन्यांत परत येतात, त्यावर शॅम्पू-तेलात पैसे घालवू नका.

आता मावा. 'व्यसन काही नाही, मावा तेवढा' हे वाक्य मला कोल्हापुरात इतक्या लोकांनी ऐकवलंय की आता मी मोजत नाही. दादा, मावा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना, आणि यातली सुपारी गालाच्या आतलं अस्तर कडक करत जाते, तोंड उघडणं कमी होत जातं, तिखट लागलं की आग होते, आणि गाल आत ओढल्यासारखे होतात. तुमची गालफडं बसलीत त्यातला थोडा हिस्सा याचा पण असू शकतो. आत्ता वाचता वाचता करून बघा, तोंड पूर्ण उघडा आणि तुमच्याच हाताची मधली तीन बोटं उभी एकावर एक, वरच्या-खालच्या दातांमध्ये घाला. गेली तर ठीक. दोनच जात असतील तर डेंटिस्टकडं उद्याच, कारण हे पुढं कॅन्सरकडं जाऊ शकतं. आणि तिन्ही गेली तरी मावा बंदच. दाढा पडल्या असतील आणि बसवल्या नसतील तर त्याही बसवा, मागचे दात नसले की गालाला आतून टेकू राहत नाही, हे लोकांच्या लक्षातच येत नाही, हजारो रुपये क्रीमला घालतात.

क्रीमचं एका ओळीत, बारीक सुरकुत्यांना रेटिनॉइडची क्रीम त्वचेच्या डॉक्टरांनी दिली तर फरक पडतो, खड्ड्यांना कुठलीच क्रीम भरत नाही. दुपारी गाडीवरून फिरायचं असेल तर सनस्क्रीन एसपीएफ ३० लावा, पुरुषांनी लावलं तर चालतं.

पुतण्याच्या पुण्याच्या इंजेक्शनचं. त्याला फिलर म्हणतात, बहुतेक ह्यालुरॉनिक अ‍ॅसिडचं जेल असतं, गालात, डोळ्याखाली भरतात, खरंच लगेच दिसतं, आणि सहा महिने ते दीड वर्षात विरून जातं, मग परत. ते वाईट आहे असं मी म्हणणार नाही, स्वतःचे पैसे स्वतःचा चेहरा. पण वजन हलतंय तोवर भरून घेणं म्हणजे पाण्यात पैसे, निदान सहा महिने वजन एका जागी राहू दे. आणि कुणाकडून घेताय ते बघा, एमडी स्किन किंवा प्लास्टिक सर्जन असेल तरच, कारण ते चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरू शकते, क्वचित डोळा जाऊ शकतो. पार्लरमध्ये, कुणाच्या फ्लॅटवर, ऑफर चालू आहे म्हणून, असलं काही नको. गिऱ्हाइकं तुम्हाला 'इंजेक्शन घेतलं काय' विचारतात ती वेगळी, ती वजन उतरवायची, मौंजारो मार्च २०२५ ला आणि वेगोव्ही जूनमध्ये आपल्याकडं आली तेव्हापासून कुणीही बारीक दिसला की हाच संशय. पेपरात 'ओझेम्पिक फेस' वाचलं असेल, असल्याच एका इंजेक्शनच्या नावावरून पडलेलं नाव, तो पण काही औषधाचा वेगळा आजार नाही, पटापट वजन उतरलं की जे तुमचं झालं तेच त्यांचं होतं. तुम्ही बिनइंजेक्शनचं करून दाखवलंत एवढाच फरक.

एक शेवटचं, आणि हे कापडवाल्याला सांगायला मला जरा मजा वाटतेय. माझा अंदाज आहे की तुम्ही अजून जुनेच शर्ट घालताय, डबल एक्सेलचे, नवे कशाला, वजन अजून उतरेल म्हणून. कॉलर गळ्याभोवती सैल पडली की मान काडीसारखी दिसते आणि गळ्याचं कातडं आणखी उठून दिसतं, खांद्याची शिवण दंडावर आली की खांदा पडलेला दिसतो, पँट पट्ट्यानं चुण्या घालून आवळली की माणूस हमखास आजारातून उठलेला वाटतो. लोकांना 'वाळलायसा' म्हणावंसं वाटतं त्यातलं निम्मं हे आहे. चार शर्ट मापाचे शिवा, दोन पँटी, घरचंच दुकान आहे. आणि केस-मिशी कोळशासारखी काळी करत असाल तर जरा तपकिरीकडं घ्या किंवा मिशी तशीच पिकू द्या, भरल्या चेहऱ्यावर काळाभोर रंग खपून जातो, उतरलेल्या चेहऱ्यावर तो नुसता रंगच दिसतो.

भावाला सांगा वजन वाढवत नाही, दंड वाढवतोय. साताऱ्याचं स्थळ जमत असेल तर आत्याबाईंना पुढच्या वेळी तुम्हीच हसून सांगा की शुगरला घाबरून १९ किलो उतरवले, विहीणबाईंच्या घरात पण कुणाची तरी शुगर असेलच, विषय तिकडंच जाईल आणि मग पालेभाजी किती खाल्ली हे तासभर सांगता येईल.

रिपोर्ट आले की कळवा. आणि त्यातलं क्रिएटिनिन आधी डॉक्टरांना दाखवा, ते वाढलेलं असेल तर मी वर लिहिलेलं प्रोटीन तुम्हाला तसंच्या तसं चालणार नाही, ते नॉर्मल आहे म्हटले की दुसऱ्या दिवसापासून अंडी सुरू.